पाडवा नसलेलं आर्थिक वर्ष

२०२३-२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा आलाच नाही. पंचांग काढून बघा. २०२३चा पाडवा २२ मार्चला झाला, तेव्हा जुनं आर्थिक वर्ष संपायला नऊ दिवस होते. त्यानंतरचा पाडवा उगवला ९ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे नवं वर्ष लागून आठवडा उलटल्यावर. मधल्या आर्थिक वर्षाचे सगळे ३६६ दिवस पाडव्याविना गेले. याउलट २०२२-२३ मध्ये दोन पाडवे बसले आणि २०२४-२५ मध्येही दोन, ९ एप्रिल २०२४ आणि ३० मार्च २०२५. २०२४चा पाडवा असा लांबायला कारण अधिक श्रावण. २०२३च्या पावसाळ्यात तो आला आणि त्याने त्यानंतरचे सगळे सण पुढे ढकलले.

गुलटेकडीच्या किंवा दादरच्या फूलबाजारातल्या आडत्याला याचं सुखदुःख नसतं. तो यंदाचा पाडवा गेल्या पाडव्याशी ताडून बघतो, तारीख काय होती ते त्याच्या खिजगणतीतही नसतं. पण तोच धंदा कंपनीच्या नावावर चढला, कंपनी शेअर बाजारात गेली आणि दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करू लागली, की पंचांग आणि कॅलेंडर यांचं भांडण थेट नफा-तोटा पत्रकात शिरतं. २०१७चा दसरा ३० सप्टेंबरला होता. झेंडूची सगळी विक्री दुसऱ्या तिमाहीत पडली. २०१८चा दसरा १८ ऑक्टोबरला, म्हणजे तिसऱ्या तिमाहीत. जुलै-सप्टेंबर २०१८चा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशेजारी ठेवला, तर फुलांचा धंदा बुडाला असंच वाटेल. प्रत्यक्षात झेंडू तितकाच विकला गेलेला असू शकतो, फक्त अठरा दिवस उशिरा.

निव्वळ फुलांवर जगणाऱ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आपल्याकडे फार नाहीत. एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या गुलाब उत्पादकांत गणली जाणारी बंगळुरूची करुतुरी ग्लोबल ही त्यातली सगळ्यात गाजलेली. तरीही अंतरिम निकालाचे, म्हणजे वर्ष पुरं होण्याआधीच्या निकालाचे नियम समजून घ्यायचे तर फुलांसारखा धंदा नाही. साखरेला हंगाम आहे, पण साखर गोदामात टिकते. गुलाब टिकत नाही. आज तोडलेला गुलाब शीतगृहात ठेवला तरी आठवड्याभरात विकला जावा लागतो. त्यामुळे हंगामाचा चढउतार साठ्याआड लपवायची सोयच राहत नाही.

मावळातलं गुलाबाचं वेळापत्रक घ्या. तळेगाव दाभाडे, पवनमावळ, आंबीचा एमआयडीसीचा फ्लोरिकल्चर पार्क हा सगळा पट्टा १४ फेब्रुवारीसाठी डिसेंबरातच कामाला लागतो. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झाडांची कटिंग होते, नको त्या फांद्या वाकवून बेंडिंग करतात, त्याच वेळी येऊ घातलेल्या कळ्या बळी देऊन झाड पुढच्या बहरासाठी मोकळं करतात. तिथून साधारण पन्नास दिवसांनी लांब दांड्याचं फूल मिळतं. मधल्या काळात खत, भुरी आणि लाल कोळीसाठी फवारण्या, कळीचा आकार मोठा व्हावा म्हणून तिला घालायच्या टोप्या, थंडी जास्त पडली तर पॉलिहाऊसचे पडदे पाडायचे, ऊन वाढलं तर उघडायचे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तोडणी सुरू होते. दांड्याच्या लांबीनुसार चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर असं ग्रेडिंग, वीस फुलांचा एक बंच, मग शीतगृह, मग रेफ्रिजरेटेड गाडी आणि मुंबई विमानतळ. निर्यात फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आसपास आटोपते. उरलेला माल देशी बाजारात जातो.

आता हेच वेळापत्रक हिशेबनीसाच्या नजरेने बघा. खर्चाचा मोठा भाग डिसेंबरात, म्हणजे तिसऱ्या तिमाहीत. पैसा फेब्रुवारीत, म्हणजे चौथ्यात. डिसेंबरात तर नेहमीची फुलंही मुद्दाम सोडून दिलेली, म्हणून विक्रीही कमी. तिसऱ्या तिमाहीचा निकाल वाईट दिसणार हे ठरलेलंच. मग संचालकांच्या मनात साहजिक विचार येतो की हा खर्च थोडा पुढे ढकलू, फेब्रुवारीच्या विक्रीशेजारी मांडू, म्हणजे चारही तिमाह्या बऱ्या दिसतील.

नियम याला नाही म्हणतो. अंतरिम अहवालासाठी आपल्याकडे इंड-एएस ३४ हे लेखा मानक आहे आणि ते जवळपास जसंच्या तसं आंतरराष्ट्रीय आयएएस ३४वरून घेतलेलं आहे. त्याचं म्हणणं साधं आहे. हंगामी उत्पन्न आधी धरायचं नाही आणि पुढेही ढकलायचं नाही, ते जेव्हा आलं तेव्हाच दाखवायचं. खर्चाचंही तसंच. एखादा खर्च ३१ मार्चला ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता आला नसता, तर तो ३१ डिसेंबरलाही दाखवता येणार नाही. 'फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन आहे' हे कारण चालत नाही. प्रत्येक तिमाही स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे.

अमेरिकेत पूर्वापार वेगळी वाट आहे. तिथल्या अकाउंटिंग प्रिन्सिपल्स बोर्डाने १९७३ साली दिलेल्या २८व्या मतात तिमाहीकडे वर्षाचा एक अंगभूत तुकडा म्हणून पाहिलं. म्हणून वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीसारखे, एकापेक्षा जास्त तिमाह्यांना उपयोगी पडणारे खर्च त्या तिमाह्यांत वाटून टाकायला तिथे वाव आहे. ऐकायला हे समंजस वाटतं. मला मात्र आपला खडबडीत नियम जास्त पटतो. खर्च कुठे आणि किती वाटायचा हे एकदा व्यवस्थापनाच्या हाती दिलं, की तिमाहीत धंदा कसा चालला यापेक्षा तो कसा चालायला हवा होता हेच वाचायला मिळतं. फुलांच्या कंपनीची जुलैची तिमाही तोट्यात असेल तर ती तोट्यात दिसू द्यावी. सोबत एक टीप जोडावी, एवढंच.

आणि ती टीप ऐच्छिक नाही. धंदा हंगामी असेल तर तसं स्पष्टपणे लिहावं, हे मानकातही आहे आणि सेबीच्या लिस्टिंग नियमांतही. शिवाय तिमाहीअखेर संपणाऱ्या मागच्या बारा महिन्यांचे आकडे, तुलनेसाठी आदल्या वर्षीच्या तशाच बारा महिन्यांसह, कंपनीने द्यावेत अशी मुभा आहे. देणं बंधनकारक नाही आणि म्हणूनच ते फारसं कुणी देत नाही. खरं तर दसऱ्याचा गोंधळ मिटवायला यापेक्षा सोपं औषध नाही. सप्टेंबरअखेरचे बारा महिने घ्या किंवा डिसेंबरअखेरचे, दसरा त्यात एकदा येतोच. निदान बहुतेक वेळा. सप्टेंबर २०१८अखेरच्या बारा महिन्यांत तो एकदाही नव्हता, कारण मागचा ३० सप्टेंबर २०१७ला होऊन गेला होता आणि पुढचा ऑक्टोबरात होता. पंचांग कुणाला सोडत नाही.

अमेरिकेतल्या १-८००-फ्लॉवर्स डॉट कॉम या कंपनीची अशीच गंमत ईस्टरवरून होते. तिचं वर्ष ३० जूनच्या जवळच्या रविवारी संपतं. २०२३चा ईस्टर ९ एप्रिलला, म्हणजे तिच्या चौथ्या तिमाहीत. २०२४चा ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे तिसऱ्या तिमाहीच्या अगदी शेवटच्या दिवशी. ईस्टरही चंद्राच्या हिशेबानेच फिरतो. अशा वर्षी तिमाहीची तुलना करताना सणाच्या सरकण्याचा परिणाम आधी बाजूला काढावा लागतो, मगच बाकीचं बोलता येतं.

इथवर नियम सरळ आहे. खरी गुंतागुंत ३१ डिसेंबरच्या रात्री पॉलिहाऊसमध्ये उभी असते. कटिंग होऊन दोन-तीन आठवडे झालेत, नवे फुटवे वर आलेत, फूल अजून नाही. या फुटव्यांची किंमत काय?

शेतीसाठीचं मानक, इंड-एएस ४१, इथे दोन गोष्टी वेगळ्या करतं. गुलाबाचं झाड पाच-सहा वर्षं फुलं देतं आणि ते स्वतः विकायचं नसतं. असं झाड म्हणजे यंत्रासारखी स्थिर मालमत्ता. लागवडीचा खर्च ताळेबंदात घ्यायचा आणि झाडाच्या आयुष्यावर घसारा काढायचा. पण त्या झाडावर वाढणारं फूल ही जैविक मालमत्ता. ती रास्त मूल्याने मांडायची, म्हणजे त्या दिवशी बाजारात जी किंमत मिळेल तीतून विक्रीचा खर्च वजा करून. फूल तोडलं की तोडणीच्या क्षणाचं रास्त मूल्य हीच त्या मालाची किंमत धरून ते साठ्यात जातं. झेंडूचं मात्र तसं नाही. ते झाड एका हंगामात उपटून टाकायचं, म्हणून तिथे झाड आणि फूल असा भेद उरत नाही, शेतातलं सगळं उभं पीक जैविक मालमत्ता. जरबेरा दोन-तीन वर्षं चालतो, म्हणून तो गुलाबाच्या पंगतीत.

तर ते फुटवे. अर्ध्या वाढलेल्या दांड्यांचा बाजार कुठेच भरत नाही. त्यामुळे अंदाज बांधायचा. गणित सोपं जावं म्हणून आकडे मनचे घेतो. समजा डिसेंबरात या बहरावर ३० लाख खर्च झाले. फेब्रुवारीत एक कोटीची विक्री होईल असा अंदाज आहे, त्याआधी तोडणी, पॅकिंग, विमानभाडं मिळून ४० लाख आणखी लागतील. उरले ६० लाख. पण भुरी येऊ शकते, जानेवारीत ऊन वाढून फुलं वेळेआधी उमलू शकतात, भाव पडू शकतो. या धोक्यांचे १५ लाख कापले, तर फुटव्यांचं मूल्य ४५ लाख येतं. एक सीए म्हणेल ४५ लाख दाखवा. दुसरा म्हणेल की कटिंगनंतर फारशी वाढ झालेलीच नाही, अशा वेळी झालेला खर्च हेच रास्त मूल्य धरायला मानक परवानगी देतं, म्हणून ३० लाख. तिसरा म्हणेल, वर्षाच्या उलाढालीत ही रक्कम किरकोळ आहे, दाखवूच नका. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेत डिसेंबर तिमाहीच्या नफ्यात ४५ लाखांचा फरक पडतो.

तिसऱ्या सीएचं म्हणणं टिकत नाही. अंतरिम निकालात एखादी रक्कम किरकोळ की महत्त्वाची, हे त्या अंतरिम काळाच्या आकड्यांशी ताडून ठरवायचं, वर्षाच्या अंदाजाशी नाही, असं मानकाने मुद्दाम लिहून ठेवलंय. पहिल्या दोघांत कोण बरोबर, ते सवयीचं काम. एकदा जी पद्धत धरली ती दर डिसेंबरला धरावी, एवढी अपेक्षा ठेवता येते. आणि गंमत अशी की मार्चअखेर या तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. फेब्रुवारीची फुलं विकली गेलेली असतात, अंदाज संपलेला असतो. वार्षिक अहवाल कितीही बारकाईने वाचला तरी डिसेंबरात काय निवडलं होतं याचा मागमूस लागत नाही. हे धोरण फक्त अंतरिम निकालातच जगतं.

त्यात आणखी एक चमत्कारिक योग आहे. सेबीच्या नियमाप्रमाणे, चौथी तिमाही सोडली तर, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो. ३१ डिसेंबरपासून ४५ दिवस मोजा. १४ फेब्रुवारी येतो. म्हणजे डिसेंबरच्या फुटव्यांचं मूल्य कागदावर उतरतं, तेव्हा ती फुलं युरोपात पोहोचून फुलदाण्यांत गेलेली असतात आणि भाव काय मिळाला ते सगळ्यांना ठाऊक असतं. मग अंदाज कशाला, मिळालेलाच भाव लावा, हा मोह पडतो. तो टाळायचा. मूल्य ३१ डिसेंबरच्या परिस्थितीचं हवं, त्या दिवशी बाजाराला जे माहीत होतं त्यावर आधारलेलं. जानेवारीत भाव कोसळला तर ते जानेवारीचं दुर्दैव. मात्र ५ जानेवारीला भुरी दिसली आणि ती डिसेंबरातच शिरली होती असं दिसून आलं, तर मूल्य कमी करावं लागतं, कारण रोग त्या दिवशी झाडावर होताच. तो कधी शिरला हे कोण सांगणार? पॉलिहाऊसचा सुपरवायझर आणि फवारणीची वही. लेखापरीक्षकाने त्या वहीत डोकावलं तर अर्धं काम होतं.

विक्री कधी झाली हा प्रश्नही निर्यातदाराला चुकत नाही. माल थेट परदेशी खरेदीदाराला ठरल्या भावाने दिला असेल तर ताबा कुठे बदलला ते करारावरून कळतं. पण माल नेदरलँड्समध्ये आल्समीरच्या लिलावासाठी पाठवला, तर विमानतळावर सोडला म्हणून विक्री होत नाही. तिथे घड्याळावरचा भाव वरून खाली उतरत जातो आणि पहिला खरेदीदार बटण दाबतो तेव्हा सौदा होतो. तोवर खोके कंपनीचेच. ३१ डिसेंबरला जे खोके वाटेत असतील ते साठा म्हणून राहतात आणि खराब निघालेल्या फुलांबद्दल येणारे दावेही अंदाजाने वजा करावे लागतात. नाताळच्या मालात हे अगदी घासून येतं.

बाकीचे खर्च पटकन उरकतात. पॉलिहाऊसचा कागद तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो, पण यंदा मे महिन्यात बदलायचा बेत आहे म्हणून आधीच तरतूद करता येत नाही. घसारा काळावर काढला असेल तर तो पावसाळ्यातही चालूच राहतो, फूल असो वा नसो. दिवाळीचा बोनस मात्र वेगळा. कायद्याने तो देणं भागच आहे आणि कामगार तो दर महिन्याला कमावत असतो, म्हणून तो दर तिमाहीत थोडा थोडा धरावा लागतो, दिवाळी कुठल्याही तिमाहीत येवो.

कराचा नियम सगळ्यात उलटा आहे. बाकी सगळीकडे तिमाही स्वतंत्र, पण करासाठी वर्षभराच्या सरासरी दराचा अंदाज करून तोच दर प्रत्येक तिमाहीला लावायचा. स्वतः पिकवलेली फुलं विकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, कारण शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. पण दुसऱ्यांची फुलं घेऊन विकणाऱ्या कंपनीला पडतो. समजा पहिल्या तीन तिमाह्यांत दर वेळी एक कोटीचा तोटा, चौथीत सात कोटींचा नफा, वर्षाचा करपूर्व नफा चार कोटी आणि दर २५ टक्के. पहिल्या तिमाहीत तोटा असूनही २५ लाखांचं कर-उत्पन्न दिसेल, दुसऱ्या-तिसऱ्यातही तेवढंच. चौथीत पावणेदोन कोटींचा कर. तोट्यात असताना कर जमेला कसा, असा प्रश्न एखाद्या भागधारकाने सभेत विचारला तर तो अडाणी ठरत नाही, प्रश्न रास्तच आहे. उत्तर एवढंच की तो फेब्रुवारीच्या भरवशावर जमा धरलेला आहे आणि फेब्रुवारी फसला तर पुसून काढावा लागेल.

आता ज्या तिमाहीसाठी हा सारा खटाटोप, ती जानेवारी-मार्चची. तिच्यासाठी वेगळं लेखापरीक्षण होतच नाही. पहिल्या तीन तिमाह्यांचं मर्यादित पुनर्विलोकन होतं, वर्षाचं पुरं लेखापरीक्षण होतं आणि चौथ्या तिमाहीचा आकडा म्हणजे वर्षाच्या आकड्यातून नऊ महिन्यांचा जाहीर आकडा वजा करून उरलेली बाकी. निकालाखाली तशी टीप छापलेली असते. म्हणजे वरच्या उदाहरणात डिसेंबरात फुटवे ४५ लाखांनी दाखवले असतील, तर मार्च तिमाहीचा नफा तेवढ्याने कमी, आणि काहीच दाखवलं नसेल तर तेवढ्याने जास्त. फुलं तीच, भावही तोच.

अमेरिकेतली कंपनी आपलं वर्ष जूनअखेर संपवून हा हंगाम वर्षाच्या पोटात ठेवू शकते. आपल्या कंपनी कायद्याने, परदेशी कंपनीशी नातं असल्याचा अपवाद सोडला तर, ३१ मार्चच सक्तीचा केलाय. त्यात भर म्हणजे मालमत्ता-देण्यांचं पत्रक निकालासोबत सहा महिन्यांनी एकदा, सप्टेंबर आणि मार्चअखेर द्यावं लागतं. डिसेंबरचा ताळेबंद बाहेर येतच नाही. फुटवे किती लाखांचे धरले होते, ते शोधायला एकच जागा उरते. तिसऱ्या तिमाहीच्या नफा-तोटा पत्रकात 'जैविक मालमत्तेच्या रास्त मूल्यातील बदल' अशी एक बारीक ओळ असते, कधी साठ्यातल्या बदलाच्या ओळीत मिसळून टाकलेली. तो आकडा टिपून ठेवावा आणि मेमध्ये चौथ्या तिमाहीचा निकाल आला की त्याच्या शेजारी मांडावा.